उकळलं, पण पुढे काय?

नळ सोडला की नितळ पाणी येतं. त्यात काही वावगं दिसत नाही, आणि फसगत होते ती तिथेच. कॉलरा, विषमज्वर, कावीळ पसरवणारे जंतू पाण्यात असले, तरी पाणी नितळच दिसतं.

शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणीसुद्धा वाटेत बिघडू शकतं. जमिनीखालच्या वाहिनीला तडा असेल आणि पुरवठा बंद झाला, की आतला दाब पडतो. मग भोवतालच्या ओल्या मातीतलं, कधी गटाराचंही पाणी त्या फटीतून आत शिरतं. पुरवठा सुरू झाला की तेच आधी नळाला येतं. म्हणून पहिली धार पिण्यासाठी भरू नका. ती धुण्यापुसण्याला जाऊ द्या.

(दृश्य: आचेवरचं पातेलं, अगदी जवळून)

पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरलेत. ही उकळी नव्हे. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडतेय, एवढंच. मग वाफ दिसू लागते, पातेलं गुणगुणतं, आणि पुष्कळदा आच इथेच बंद केली जाते. जरा थांबा. तळापासून मोठाले बुडबुडे उसळू द्या, ढवळलं तरी मोडणार नाही अशी उकळी येऊ द्या. खरं तर रोगजंतू १०० अंशांच्या बरेच आधी मरू लागतात. पण घरात पाण्याचं तापमान कोण मोजतं? खळखळती उकळी डोळ्यांना दिसते, म्हणून ती खूण धरायची. अशी उकळी १ मिनिट पुरे. २००० मीटरहून उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथे ३ मिनिटं. त्याहून जास्त वेळ उकळणं म्हणजे इंधन वाया घालवणं.

पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, वरचं पाणी स्वच्छ फडक्यातून गाळा, मग उकळा.

आता पाणी निवतंय. सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. उकळल्यावर पाण्यातला क्लोरीन उडून जातो. त्यानंतर एखादा जंतू आत गेला, तर त्याला अडवणारं काहीच उरत नाही.

(दृश्य: भांड्यात बुडणारा पेला आणि हात)

पेल्यासोबत चार बोटंही बुडाली. सगळी मेहनत त्या क्षणी पाण्यात गेली. म्हणून पाणी उकळलेल्या भांड्यातच झाकून निवू द्या. साठवण्यासाठी तोटीचं किंवा अरुंद तोंडाचं भांडं घ्या आणि नवं पाणी भरण्याआधी ते घासा. उरलेल्या पाण्यात ताजं ओतू नका.

इंधन नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या आहेत. प्रमाण वेष्टनावर दिलेलं असतं. गोळी विरघळल्यावर निदान ३० मिनिटं थांबा. पाण्याला क्लोरीनचा किंचित वास राहिला, तर तो चांगलाच. मात्र क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून तो पसरला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. उकळीपुढे मात्र त्याचं काही चालत नाही.

पण उकळीलाही मर्यादा आहे. शिसं, आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट यांतलं काहीच उकळून जात नाही. उलट वाफ उडाल्यामुळे त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच. जुन्या नळांत शिसं असण्याची शक्यता असेल, तर रात्रभर साचलेलं पाणी आधी वाहू द्या आणि पिण्या-रांधण्याला गार पाण्याचीच तोटी वापरा. आर्सेनिक किंवा फ्लोराइडची शंका असेल, तर यंत्र विकत घेण्याआधी प्रयोगशाळेतून पाणी तपासून आणा. साध्या कार्बनच्या गाळणीने वास जाईल, फ्लोराइड किंवा नायट्रेट जाणार नाही. त्यासाठी आरओसारखी यंत्रणा लागते. आणि नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाची दुधाची पावडर कालवू नका, पाणी कितीही उकळलेलं असलं तरी.