पिकअप गेलाय? आधी पुलीकडे बघा

नमस्कार मंडळी! आज जरा तेल-ग्रीसचा विषय. माझदा एमएक्स-फाइव्ह, अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात ती, दोन सीटची, टप मागे टाकता येणारी, १९८९ साली आलेली. इंडियात ती रीतसर कधी विकायला आलीच नाही, पण ऐकणाऱ्यांत अमेरिका-इंग्लंडवालेही असाल आणि तिकडे अशी जुनी गाडी हौसेनं ठेवणारे असतातच.

तर समजा काल झकास पळत होती आणि आज चढावर पाय पार खाली दाबला तरी ओढतच नाही. लगेच मोबाइल काढून पंप, सेन्सर, इंजेक्टर अशी ऑर्डर टाकू नका हो. आधी एवढंच बघा, इंजिन थडथडतंय, का अगदी गुळगुळीत चालतंय पण दमच नाही त्याच्यात.

थडथडत असेल, मिसिंग मारत असेल, तर कॉइल आणि प्लगच्या वायरी. या इंजिनाला दोन कॉइल, एक १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ ला, म्हणजे एक गेली की दोन सिलिंडर एकदम बंद. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि नुसतं बघा, हात लावू नका बरं का, फुटलेल्या वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात.

गुळगुळीत पण मरगळलेली असेल तर हवा बघा. सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनात हवा मोजायच्या मीटरमध्ये एक झडप असते, हवा तिला ढकलते आणि त्यावरून पेट्रोल किती टाकायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. मीटरपासून थ्रॉटलपर्यंत, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या हवेच्या झडपेपर्यंत, जो रबरी पाइप जातो ना, त्याच्या चुण्यांच्या तळाला चीर जाते, गाडी उभी असताना ती मिटलेली असते, दिसतच नाही, रेस केली की इंजिन हलतं, चीर उघडते आणि न मोजलेली हवा आत. पाइप काढून वाकवून बघा. त्यात पेट्रोल पंपाचा स्विच पण त्याच मीटरमध्ये, म्हणजे झडप उघडली नाही तर पंप बंद, आणि लोक बिचारे पंप बदलत बसतात!

वरच्या आरपीएमलाच गाडी दबत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपातला धूर स्वच्छ करणारा डबा, चोंदलाय का ते पण बघून घ्या.

आता खरी गोम. सुरुवातीपासून १९९१ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, पुढचं नाक आखूड होतं. त्यावर टायमिंग बेल्टची (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडवणाऱ्या पट्ट्याची) चकती आणि पुली एका लोखंडी चावीनं, म्हणजे खाचेत बसणाऱ्या छोट्या तुकड्यानं, पक्की बसवलेली, वर मोठा बोल्ट. बोल्ट जरा सैल राहिला की चावी आणि तिची खाच झिजत जाते, चकती क्रँकपेक्षा मागे पडते, टायमिंग पडतं आणि पिकअप गायब. इंजिन चालू असताना पुढून पुलीकडे बघा, डगमगताना दिसली तर समजून जा. पुलीच्या मध्यावर ४ खाचा असतील तर आखूड नाक, ८ असतील तर नंतरचं सुधारलेलं.

यात एक गोष्ट भल्याभल्या मेकॅनिकला चकवते. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, लावला तर खूण बरोबर १० अंशांवर, म्हणजे जिथे हवी तिथेच, दिसू शकते! कारण ती खूण पुलीवरच आहे आणि पुली स्वतःच सरकलीय ना, ती काय खरं सांगणार. म्हणून १ नंबरचा प्लग काढून भोकातून लांब स्ट्रॉ सोडायची, इंजिन हातानं फिरवायचं, पिस्टन खरंच वर आला तेव्हा खूण कुठे आहे ते बघायचं. फरक दिसला की चोर सापडला.

झीज थोडी असेल तर नवीन चावी आणि लॉकटाइट ६६० (झिजलेल्या धातूतली फट भरणारा गोंद) भरून बरेच जण काम भागवतात, जास्त असेल तर क्रँक बदला, म्हणजे इंजिनच खाली. बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा असतो आणि त्यासाठी हाच बोल्ट सोडावा लागतो, तेव्हा जुनी गाडी घेताना हे काम कधी झालं आणि बोल्ट टॉर्क रेंचनं (ठरावीक जोर मोजून आवळायच्या पान्यानं) आवळला होता का, का नुसता अंदाजानं, ते मालकाला नक्की विचारा.