एका वायरीत चार भाषा

ही गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. सकाळचे साडेदहा वाजलेत. समोरच्या शेडमधून यंत्रमागाचा खडखडाट येतोय, आणि या उंबऱ्यात एक मावशी विड्या वळत बसल्यात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कातरलेल्या तेंदूपानांची चळत. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्या व्हायच्या तर नजर सुपावरून हलवता येत नाही. मागे टीव्ही चालू आहे. मावशी तो बघत नाहीत, ऐकतात.

टीव्हीमागून निघालेली ती केबलची काळी वायर बघा. खिडकीतून बाहेर, पत्र्यावरून खांबावर, खांबावरून पुढच्या गल्लीत. आजची गोष्ट तिची आहे.

१९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमाराला देशात गच्च्यांवर डिश अँटेनाच्या मोठ्या छत्र्या दिसायला लागल्या. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला आणि संध्याकाळचं वेळापत्रकच बदललं. हे सगळीकडे झालं. पण सोलापुरात या वायरीला आणखी एक काम होतं. इथे एका जिन्यावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं समोरासमोर राहतात. कन्नड उदया टीव्ही १९९४ चा, तेलुगू जेमिनी आणि ई टीव्ही १९९५ चे. अल्फा मराठी, म्हणजे आजचं झी मराठी, आलं १९९९ ला. गिरणीत आणि मागावर राबायला तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर घरांना आजीची भाषा पडद्यावर ऐकायला मिळाली ती या वायरीमुळे. शेजारच्या मराठी पोरांना अर्धी-मुर्धी तेलुगू शाळेत कुणी शिकवली नव्हती.

ही वायर ज्यांनी ओढली, त्यांना गल्ली अण्णा म्हणायची. "अण्णा, जेमिनी दिसंना झालंय!" गच्चीवरून एवढी हाक गेली की खांद्यावर वायरीचं वेटोळं आणि खिशात पक्कड घेऊन माणूस हजर. पडद्यावर मुंग्या आल्या, तर कुठल्या खांबावरचा ॲम्प्लिफायर गेलाय हे त्याला घरबसल्या कळायचं. कुठल्या घरात दहावीचं पोर आहे म्हणून दोन महिने कनेक्शन बंद ठेवायचंय, कुठल्या घरात पगार झाल्याशिवाय पावती फाडायची नाही, हेही त्याला ठाऊक असायचं. हे कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं. मला ते फार मोलाचं वाटतं.

मग पेटी आली. सरकारने डिजिटल केबलसाठी दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं निवडली, त्यात सोलापूर होतं. मुदत ३१ मार्च २०१३. सेट टॉप बॉक्सने चित्र स्वच्छ झालं, यात शंका नाही. खरा फटका बसला तो २०१९ च्या फेब्रुवारीत. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर लागू झाले. तेव्हा महिन्याला मूळ भाडं १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. एवढ्यात शंभर मोफत वाहिन्या. त्यापुढे पैसेवाली प्रत्येक वाहिनी वेगळ्या किमतीची, मोठ्या वाहिन्या १९ रुपयांपर्यंत. आपल्याला हवं तेवढंच घ्या, असा तो विचार. एका भाषेत राहणाऱ्या घराला तो सोयीचाही असेल. पण सून मराठी मालिका बघते, सासू तेलुगू, नातू कार्टून आणि बाप क्रिकेट, त्या घराने काय सोडायचं? सोलापूरच्या घराचा हिशेब त्या कागदावर कुणी मांडलाच नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर खिशातला पडदा तयार झाला होता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०२३ ची आयपीएल मोबाईलवर फुकट दिसली आणि मॅचसाठी कनेक्शन ठेवणाऱ्यांचं कारणच संपलं. दुसरीकडे डीडी फ्री डिश, एकदा छत्री बसवली की महिन्याचा खर्च नाही. केबलचालकांच्या फेडरेशनने ईवाय या सल्लागार कंपनीबरोबर केलेला अहवाल सांगतो की, २०१८ मध्ये पैसे भरून टीव्ही बघणारी घरं देशात १५.१ कोटी होती. २०२४ मध्ये ११.१ कोटी. सहा वर्षांत चार कोटी घरांनी वायर किंवा डिश सोडली.

या खांबावर तेच दिसतं. कापलेली टोकं गुंडाळून ठेवलीत. त्यांच्या शेजारून बारीक फायबर गेलंय. ते ओढणारा माणूस तोच आहे, अण्णांचा मुलगा. वडील दातांनी वायर सोलायचे. हा स्प्लायसिंग मशीनच्या छोट्या पडद्यावर केसाएवढी दोन टोकं जुळवतो, श्वास रोखून. इंटरनेटचा धंदा चालतो, घर चालतं. पण गिऱ्हाईक हाक मारत नाही, ॲपवर तक्रार टाकतं.

आणखी एक गोष्ट या वायरीने केली. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा, आपला गड्डा. सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. गर्दीत जाणं न झेपणारी म्हातारी माणसं लोकल चॅनेलवर तो सोहळा बघायची, आणि अक्षता पडताना पडद्यासमोर हात जोडायची. आता तोच सोहळा यूट्यूबवर पुण्यातल्या लेकीलाही दिसतो, ही चांगलीच गोष्ट झाली. पण हरवलेल्या पोराची, कुणाच्या अंत्ययात्रेच्या वेळेची पट्टी त्या चॅनेलखाली धावायची आणि सगळी पेठ एकाच वेळी वाचायची. ती पट्टी आता शंभर व्हॉट्सॲप ग्रुपांत विखुरली आहे.

पुन्हा त्याच उंबऱ्यात येऊ, महिन्याभराने. मावशींनी कनेक्शन बंद केलंय. मालिका आता मोबाईलवर लागते. मोबाईल पितळी डब्याला टेकवून ठेवलाय. वाहिनी आपली आपण चालायची, तिला हात लागत नसे. मोबाईलला लागतो. मालिका रंगात आली की जाहिरात येते, आणि बोटं तंबाखूने माखलेली. मावशी आत बघून नातीला हाक मारतात. नात शाळेत गेली आहे. मावशी पुढचं पान उचलतात. जाहिरात चालू आहे.