लॉ करावं की नको?

श्रोतेहो, नमस्कार.

पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘पोरगं तोंडाळ आहे, याला वकील करूया.’ मास्तरांशी हुज्जत घालतो, भावकीच्या बैठकीत मध्येच तोंड घालतो, म्हणजे कोर्टात चालेल असा हिशेब. मी इथंच वकिली करते, आणि मला हा हिशेब पटत नाही. दिवाणी कोर्टात वकील दिवसभरात बोलतो ते फार थोडं. बाकीचा वेळ वाचण्यात, लिहिण्यात आणि वाट बघण्यात जातो. ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्यानं या वाटेला जाऊ नये, मग तो कितीही बोलका असो. वर्गात गप्प बसणारी, पण हातात पडलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढणारी मुलगी तुमच्या घरात असेल, तर मात्र तिच्यापुढे हा विषय जरूर काढा.

आपल्याकडचा ठरलेला दावा म्हणजे वाटणीचा. अशी एखादी फाईल उघडून बघा. सगळ्यात जुना कागद आजोबा-पणजोबांच्या वेळचं वाटणीपत्र. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात, त्यामुळे हा कागद बहुतेक मराठीत, आणि फारच जुना असला तर मोडीत. ‘पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट’ अशा चतुःसीमा लिहिलेल्या. ओढा केव्हाच बुजलेला, गाडीवाटेवर डांबर पडलेलं. त्यानंतरचा उतारा कन्नडमध्ये. तलाठ्याचा शेरा कन्नडमध्ये, साक्षीदाराचा जबाबही कन्नडमध्ये. आणि प्रकरण अपिलात धारवाडच्या हायकोर्टाच्या पीठापुढे गेलं, की तिथला कारभार इंग्रजीत. चार गुंठ्यांचं भांडण, पण ते समजून घ्यायला तीन भाषा लागतात.

इथं जरा स्पष्ट बोलते. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्रानं २००४ साली दाखल केलेला दावा सुप्रीम कोर्टात आहे, त्याचं काय व्हायचं ते तिथं होईल. पण तालुक्याच्या कोर्टात उद्या ज्याची तारीख आहे तो अशील तोवर थांबणार नाही. आपली मुलं शाळेत कन्नड शिकतात ती मार्कांपुरती, आणि एसएसएलसी, म्हणजे दहावी, झाली की पुस्तक माळ्यावर जातं. लॉ करायचं असेल तर ते पुस्तक खाली काढा. कन्नड वाचता येत नसेल तर आपल्याच अशिलाची फाईल दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचायची वेळ येते. मराठी सोडा असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. जुनं मराठी खरेदीखत पुढ्यात आलं की भले भले सीनियर आपल्या मराठी ज्युनिअरला हाक मारतात, आणि त्या पोराचं ऑफिसातलं वजन त्या दिवसापासून वाढतं.

आता वाटा. पीयूसीनंतर पाच वर्षं, किंवा कुठलीही पदवी घेऊन तीन वर्षं. खुल्या गटाला किमान ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. आपल्या बेळगावातलं राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ पासूनचं. १९८९ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या इथं शिकून गेले. इंग्रजीवर पकड असेल तर क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, द्यावी. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये कर्नाटकात किमान दहा वर्षं शिकलेल्या मुलांसाठी २५ टक्के जागा आहेत. मराठी शाळेतली का असेनात, ती वर्षं कर्नाटकातलीच. तिथली फी मात्र वर्षाला लाखांत जाते, तेव्हा कर्ज काढण्याआधी घरात नीट बसून बोला.

निपाणीकडची मंडळी विचारतात, कोल्हापूरला पाठवू का? ऑगस्ट २०२५ पासून तिथं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंचही बसतंय. शिकायला खुशाल पाठवा. पण जमिनीचा दावा जमीन असेल तिथल्याच कोर्टात लावावा लागतो. म्हणजे निपाणीच्या शेताचा दावा निपाणीकडेच, आणि हायकोर्टात जायची वेळ आली तर धारवाडला. मुलाला पुढं कुणाची कामं करायची आहेत ते आधी ठरवा, कॉलेज मग आपोआप ठरतं.

आणि ‘घरबसल्या एलएलबी’ असली जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. पत्राद्वारे घेतलेल्या लॉच्या पदवीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. पूर्णवेळ नोकरी सांभाळून वकिलीही करता येत नाही, हेही नोकरदारांनी ध्यानात ठेवावं.

बाप माणसाचा खरा प्रश्न वेगळाच असतो. पोरगा कमवायला कधी लागणार? या प्रश्नाला कॉलेजवाले गोड उत्तर देतात, म्हणून मी कडू देते. सनद घेणं आता महाग राहिलेलं नाही. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खुल्या गटाकडून नोंदणीचे ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपये, यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा, तीही अभ्यास केला तर अवघड नाही. अवघड आहेत पुढची तीन-चार वर्षं. सीनियरच्या मागं फाईली घेऊन फिरायचं, नकलेचे अर्ज द्यायचे, पुकारा झाला की उभं राहून ‘सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत’ असं सांगून तारीख मागायची. बार कौन्सिल ऑफ इंडियानं, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेनं, २०२४ मध्ये सुचवलं की ज्युनिअरला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार तरी द्यावेत. सुचवलं आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या गावी अनेक ज्युनिअरांच्या हाती पेट्रोलपुरते पडले तरी पुष्कळ. ही वर्षं घर धरून ठेवू शकत असेल तरच मुलाला यात घाला. ‘वकिली नको, परीक्षा देऊन जज्ज होईन’ म्हणणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. मे २०२५ च्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला तीन वर्षांची वकिली लागते, आणि कर्नाटकात त्या परीक्षेत कन्नड-इंग्रजी भाषांतराचा पेपर असतो.

मग एवढं सोसून करायचं कशासाठी? सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या व्हरांड्यात एकदा जाऊन उभे राहा. सासरहून बोलावून आणलेली बहीण बाकावर बसलेली दिसेल. जमिनीतला वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र तयार असतं, ‘इथं सही कर अक्का, नुसतं कागदासाठी आहे’ म्हणत भाऊ पेन पुढं करतो. वडिलार्जित जमिनीत मुलाइतका वाटा कर्नाटकानं तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना १९९४ मध्येच दिला, देशभर तो लग्न झालेल्या मुलींनाही २००५ मध्ये आला. कागदावर काय लिहिलंय हे तिला तिच्याच बोलीत, सही व्हायच्या आधी सांगणारं माणूस त्या बाकावर बहुतेक वेळा नसतं. वाचून घेतल्यावरही ती खुशीनं सही करेल, तो तिचा प्रश्न. पण वाचून तर घेतलं पाहिजे. असं कुणाला वाचून दाखवायला ज्याला आवडेल, त्याला ज्युनिअरकीची वर्षं काढणं जमतं असा माझा अनुभव आहे.

तरीही माझ्या शब्दावर फॉर्म भरू नका. चन्नम्मा चौकाजवळच्या आपल्या जिल्हा कोर्टात, नाहीतर तालुक्याच्या कोर्टात सुट्टीतले चार-सहा दिवस जाऊन बसा. न्यायालय खुलं असतं, मागच्या बाकावर बसायला सहसा कुणी हरकत घेत नाही. अकराला पोचा आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलू नका. पहिल्या दिवशी काही कळणार नाही, दुसऱ्या दिवशी कंटाळा येईल. तिसऱ्या दिवशी एखाद्या साक्षीदाराची उलटतपासणी ऐकताना तुम्ही पुढं सरकून बसता का, तेवढं बघा. आणि हो, आत शिरताना मोबाईल सायलेंटवर नको, बंदच करा. नमस्कार.