अंबडच्या कारखान्यातलं लॉगिन

सकाळचे सात. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पहिली पाळी सुरू होतेय. सीएनसी मशीनशेजारच्या संगणकावर ऑपरेटर नाव आणि पासवर्ड टाकतो. ड्रॉइंग उघडलं तर काम सुरू, नाहीतर मशीन उभं.

तो पासवर्ड सर्व्हरपर्यंत कसा पोचतो, हे प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसात बोलायचे ठरलेले नियम, ठरवतो. टेलनेट या दुरून लॉगिन करायच्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये तो जसाच्या तसा वायरवरून जातो. मध्ये कुणी टपून बसलं असेल तर सरळ वाचून घेईल. एखाद्या जुन्या नेटवर्क स्विचवर टेलनेट अजून चालू असेल, तर आजच बंद करा.

कर्बेरॉस या ओळख पटवायच्या प्रोटोकॉलचं तसं नाही. १९८०च्या दशकात एमआयटीत घडलेल्या या पद्धतीत पासवर्ड नेटवर्कवर जातच नाही. सर्व्हर मुदतीचं डिजिटल तिकीट देतो आणि त्यावर पुढची कामं होतात. मात्र घड्याळं जुळलेली लागतात. सहसा ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की तिकीट नाकारलं जातं.

हा संगणक बघा. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा बटणासारखा सेल संपलाय. रात्री वीज गेली आणि सकाळी तारीख कित्येक वर्षं मागे गेली. पासवर्ड बरोबर, माणूसही ओळखीचा, तरी ड्रॉइंगचा फोल्डर उघडेना. डिस्पॅच खोळंबलेला. अशा वेळी सुपरवायझर म्हणतो, "अरे, तो कॉमन आयडी टाक ना!" त्या आयडीचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. इतका भक्कम प्रोटोकॉल एका सेलपायी बाजूला पडतो. म्हणूनच यंत्रणा चालू राहण्याचा भरवसा आणि सुरक्षा वेगवेगळी तोलता येत नाही, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

आणखी एक सवय. फोल्डर जोडताना सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी पत्ता टाकायचा. वेगळी सेटिंग केली नसेल, तर विंडोज तिथे कर्बेरॉस सोडून एनटीएलएम या जुन्या लॉगिन पद्धतीवर येतं. त्यात पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून गणिताने बनवलेली खूण) चोराच्या हाती लागला, तर मूळ पासवर्ड न कळताही आत शिरता येतं. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये एनटीएलएमला निरोप द्यायचं जाहीर केलं.

ऑफिसच्या वायफायमागे बहुधा रेडियस, म्हणजे कुणाला आत घ्यायचं हे सर्व्हरला विचारणारा प्रोटोकॉल, असतो. १९९१ पासूनचा हा प्रोटोकॉल एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीवर विसंबून आहे. २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की मध्ये बसलेला हल्लेखोर काही प्रकारांत सर्व्हरचा नकार होकारात बदलू शकतो. पासवर्डऐवजी डिजिटल प्रमाणपत्रांवर चालणारा ईएपी-टीएलएस हा लॉगिनचा प्रकार त्यातून वाचला. प्रमाणपत्रांची मुदत सांभाळायचा त्रास आहे, पण तो घेण्याजोगा आहे.

एक बंद पडला तरी काम चालावं म्हणून डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासून तिकीट देणारे विंडोज सर्व्हर) दोन हवेत, रेडियस सर्व्हरही दोन. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मुख्य सर्व्हरची केबल काढून बघा. नुसतं लॉगिन झालं म्हणून खूश होऊ नका. विंडोज आधीची लॉगिन साठवून ठेवतं, त्यामुळे सर्व्हर नसतानाही स्क्रीन उघडते. ड्रॉइंगचा फोल्डर उघडतो का, ते तपासा.