पेटी आणि कपाट

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या पावसातही आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘ग्रंथालय संचालकाची दृष्टी’. पहिल्या मुद्रितात ‘दृष्टी’ऐवजी ‘दृष्ट’ झालं होतं म्हणे. तसंच राहू दिलं असतं तरी चाललं असतं. बऱ्या चाललेल्या ग्रंथालयाला ती लागतेच.

माझे संचालक म्हणजे विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन. सयाजीराव महाराजांनी १९१० साली त्यांना अमेरिकेतल्या न्यू हेवनहून बडोद्याला बोलावलं आणि राज्याच्या ग्रंथालयांचं संचालकपद दिलं. १९१३ साली गृहस्थ परतही गेले. तीन वर्षं! आपल्याकडे तेवढ्यात खुर्च्यांची निविदा निघत नाही. (हशा)

महाराजांना हे का सुचलं? १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून सगळ्या राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. आता पोर चार यत्ता शिकणार, मग गुरांमागे जाणार आणि काही वर्षांत अक्षर विसरणार. मग शाळेवर केलेला खर्च पाण्यात. म्हणून शाळा सुटल्यावरही गावात पुस्तक हवं. सरळ हिशोब. त्यात ज्ञानगंगा वगैरे कुठे वाहत नाही.

त्यावरून आठवलं. मी सातवीत होतो. आमच्या वाचनालयात भिंतीला लागून काचेची सहा कपाटं होती, सगळी कुलुपबंद. तिसऱ्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात एक जाडजूड पुस्तक, पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘आकाशातील तारे’ असं काहीतरी. मी ते मागितलं. ग्रंथपाल म्हणाले, किल्ली कार्यवाहांकडे. कार्यवाह म्हणाले, अनामत भर. अनामत घेऊन गेलो, तर कार्यवाह लग्नाला गेलेले, किल्ली कमरेला. असे दोन महिने! तोवर मी रोज काचेला नाक लावून उभा. काच माझ्या नाकानं पुसली जायची, एवढीच त्या वाचनालयाला माझी सेवा.

शेवटी पुस्तक हातात आलं. उघडतो तर पानं जोडलेलीच! इतक्या वर्षांत कुणी कापलीच नव्हती. मी घरून पट्टी आणली, तर ग्रंथपाल ओरडले, “अरे, पुस्तक खराब करतोस?” मग काय, जी पानं उघडत होती ती सरळ वाचली आणि उरलेली नळीत डोकावावं तशी, एक डोळा मिटून. मृग नक्षत्र मी अर्धंच वाचलंय. आजही त्याच्या डाव्या बाजूबद्दल मला फारशी खात्री नाही. (हशा)

तर बडोद्याला मध्यवर्ती ग्रंथालयात मुक्तद्वार होतं. वाचकानं स्वतः कपाटाशी जावं, पुस्तक काढावं, चाळावं. महाराजांच्या खासगी संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तकं त्यात आली. राजवाड्यातली पुस्तकं उघडी आणि आमच्याकडची...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. मूळ विषय अजून बाकी आहे, म्हणून भराभर सांगतो.

ड्यूई आणि कटर हे दोघे अमेरिकन ग्रंथपाल; पुस्तकांची विषयवार मांडणी एकानं आकड्यांनी केली, दुसऱ्यानं अक्षरांनी. बॉर्डननी ड्यूईंचे आकडे आणि कटरची अक्षरं यांची सांगड घालून पुस्तकांचं वर्गीकरण बनवलं. ते बडोद्याबाहेर फारसं गेलं नाही. ते सोडा. १९११ साली त्यांनी ग्रंथपालांचा वर्ग काढला. १९१२ साली इंग्रजी, गुजराती आणि मराठीत नियतकालिक सुरू केलं. आणि फिरती ग्रंथालयं: लाकडी पेटीत १५ ते ३० पुस्तकं घालून गावोगाव पाठवायची, वाहतुकीचा खर्च सरकारचा. इथे मोतीभाई अमीनांचं नाव घेतलंच पाहिजे. साहेब यायच्या आधीपासून हा शिक्षक मित्रमंडळींना धरून गावात वाचनालयं काढत होता. बॉर्डनचं शहाणपण हे की त्यांनी या माणसाला बाजूला न सारता खेड्यांचं काम त्याच्याकडे दिलं. म्हणून साहेब गेले तरी खातं चाललं. गावानं एक हिस्सा जमवायचा, एक हिस्सा सरकारचा, एक प्रांत पंचायतीचा, म्हणजे जिल्ह्याच्या पंचायतीचा. गावाचे पैसे गुंतले की गाव पुस्तकांकडे लक्ष देतं.

आता आपल्याकडे. महाराष्ट्राचा १९६७चा ग्रंथालय कायदा आहे, संचालक आहेत, ग्रंथालय कर नाही. वाचनालयांना अ, ब, क, ड दर्जा आहे. दर्जा टिकवायचा म्हणजे ग्रंथसंख्या टिकवायची, म्हणून वाळवी लागलेलं पुस्तकही आपण बाद करत नाही. दाखल नोंदवहीत ते तरुणच असतं! माझी संचालकांकडे मागणी छोटी आहे. तपासणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: ज्या वाडीत वाचनालय नाही, तिथे या वर्षी किती पेट्या गेल्या? पहिली दोन वर्षं सगळ्यांचा रकाना कोरा येईल. येऊ द्या. त्यावर सही मात्र कार्यवाहांची घ्या.

कार्यवाह उभे राहिलेत. थांबतो.