नळीवरची दोन अक्षरं

(पडद्यावर: जुन्या लिव्हर अ‍ॅक्शन, म्हणजे चापाजवळची दांडी हलवून गोळी भरायच्या, रायफलीची नळी. कॅमेरा सावकाश पुढे सरकतो आणि रिसीव्हरला, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेच्या पोलादी सांगाड्याला, लागून असलेल्या एका बारीक लंबगोलावर थांबतो.)

जे. एम. इतकीच अक्षरं आहेत. चष्मा न लावता दिसतीलच असं नाही. पण अमेरिकेत वापरलेली मार्लिन रायफल विकत घ्यायला आलेला माणूस दस्त्याच्या लाकडाकडे वळण्याआधी, लिव्हर हलवून बघण्याआधी हाच ठसा शोधतो. सापडला तर विक्रेता जास्त भाव सांगतो आणि घेणारा फारशी घासाघीस करत नाही.

जे. एम. म्हणजे जॉन मार्लिन, कंपनीचा संस्थापक. नळी चाचणीत उतरली की कनेक्टिकटच्या कारखान्यात हा ठसा मारला जायचा. वर्षानुवर्षं जवळजवळ प्रत्येक नळीवर तो होता, आणि म्हणूनच त्याचे वेगळे पैसे कुणी मोजत नव्हतं. पुढे २००७ च्या अखेरीला रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीने मार्लिन विकत घेत असल्याचं जाहीर केलं. काही वर्षांत कनेक्टिकटचा कारखाना बंद झाला, काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला गेलं. जुन्या यंत्रांवर हात बसलेली माणसं मागे राहिली. इलियनहून आलेल्या सुरुवातीच्या रायफलींबद्दल तक्रारी होऊ लागल्या: लाकूड आणि लोखंड नीट जुळत नाही, नेम धरायची माशी तिरकी बसली आहे. त्या दिवसांत लोक घरातल्या जुन्या मार्लिनकडे नव्याने बघू लागले. ठसा होता तसाच होता. मारणं थांबलं, तेव्हा तो मोलाचा झाला.

तरी नुसत्या ठशावर विसंबून चालत नाही. स्थलांतराच्या काळात आधीच ठसा मारलेल्या काही नळ्या शिल्लक होत्या आणि त्या नंतरच्या रायफलींवर चढल्या. म्हणून जाणकार अनुक्रमांकही वाचतो. २००० नंतरच्या मार्लिनच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे शंभरातून वजा केले की वर्ष निघतं. ९८ असेल तर २००२, ९१ असेल तर २००९. ठसा आणि क्रमांक एकच गोष्ट सांगत असतील, तरच जास्तीचे पैसे द्यावेत.

(पडद्यावर: एक साधी बावीस कॅलिबरची रायफल. रिसीव्हरवर क्रमांकच नाही.)

आता ही बघा. हिच्यावर क्रमांक नाही, आणि विकणाऱ्याला वाटतं की आपल्या हाती दुर्मीळ वस्तू लागली. तसं नाही. अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने प्रत्येक नव्या बंदुकीवर अनुक्रमांक घालणं सक्तीचं केलं. त्याआधीच्या कितीतरी स्वस्त रायफली क्रमांकाशिवायच विकल्या गेल्या. मात्र जिथे क्रमांक होता आणि तो कुणी घासून काढला आहे, ती बंदूक दुर्मीळ नव्हे, बेकायदा ठरते. तिला हातही लावू नये.

दोनदा उमटलेलं अक्षर, तिरका बसलेला शिक्का, चुकलेलं स्पेलिंग, अशा गोष्टी सापडल्या की माणूस हरखतो. टपाल तिकिटांत आणि नाण्यांत छपाईच्या चुकीला सोन्याचा भाव येतो, मग इथे का नाही? कारण तिकडे प्रत्येक चुकीची नोंद आहे, किती प्रती आहेत याचा हिशेब आहे, आणि ती चूक हवी असणारे लोक पिढ्यानपिढ्या आहेत. रायफलीवरच्या एकट्या चुकीला असं गणगोत नसतं. तिच्यासाठी हट्ट धरणारे दोघे एकाच वेळी समोर आले तर भाव वाढेल. बहुतेक वेळा एकही येत नाही.

उलट टोकाचं उदाहरण रुगर या अमेरिकी बंदूक कंपनीचं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९७६ मध्ये, रुगरने त्या वर्षीच्या बंदुकांवर एक जास्तीची ओळ उमटवली: अमेरिकी स्वातंत्र्याच्या २०० व्या वर्षी बनवलेली. ओळ देखणी आहे आणि लोकांना आवडतेही. पण वर्षभराच्या मालावर ती आहे, त्यामुळे किमतीत पडणारा फरक किरकोळच.

(पडद्यावर: एम-वन कार्बाइनच्या रिसीव्हरची मागची बाजू. कंपनीचं नाव वाचता येतं.)

मला सर्वांत जास्त ओढ या कार्बाइनांची, म्हणजे आखूड, हलक्या लष्करी रायफलींची आहे. दुसऱ्या महायुद्धात साठ लाखांहून जास्त एम-वन कार्बाइन तयार झाल्या, आणि बनवणाऱ्यांत बंदुकीशी कधीही संबंध न आलेले कारखाने होते. अंडरवुड टाइपरायटर करायचं, आयबीएम कार्यालयीन यंत्रं, रॉक-ओला तर नाणं टाकून गाणी वाजवणारी ज्यूकबॉक्स. सुटे भाग एकमेकांना बसतील असेच होते, गोळी तीच, नेमही तसाच. पण इनलँड नावाच्या कारखान्याने सव्वीस लाखांच्या वर कार्बाइन केल्या आणि रॉक-ओलाने जेमतेम सव्वादोन लाख. ज्यूकबॉक्सवाल्याचं नाव कोरलेली कार्बाइन आज इनलँडपेक्षा चढ्या भावाने जाते. हे जास्तीचे पैसे पोलादाचे नाहीत. संगीताची यंत्रं करणारी माणसं युद्धासाठी बंदुका करायला बसली, त्या काळाचे आहेत. आणि ते मला योग्य वाटतात.

यातही अडचण आहे. युद्धानंतर शस्त्रागारांत हजारो कार्बाइन उघडून, भाग मिसळून पुन्हा जोडल्या गेल्या. रिसीव्हरवर रॉक-ओला आणि आत पाच कंपन्यांचे तुकडे, हे नेहमीचंच. सगळे भाग एकाच कारखान्याचे असलेली कार्बाइन क्वचित मिळते, आणि खरी किंमत तिची.

(पडद्यावर: विंचेस्टर १८७३. नळीवर कोरीव अक्षरं.)

विंचेस्टर या अमेरिकी बंदूक कंपनीने १८७० च्या दशकात चाचणीत अचूक ठरलेल्या नळ्या बाजूला काढल्या, त्यांवर जास्त बारकाईने काम केलं आणि नळीवर कोरलं: वन ऑफ वन थाउजंड, म्हणजे हजारात एक. किंमत १०० डॉलर, त्या काळी मोठी रक्कम. १८७३ मॉडेलमध्ये अशा रायफली सव्वाशे ते दीडशेच्या दरम्यानच झाल्या. १९५० मध्ये एका हॉलीवूड चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी त्या हुडकण्याची मोहीम निघाली, आणि घराघरांतून काही बाहेर आल्या. मागणी वाढली तशी साध्या १८७३ वर हीच अक्षरं कोरणारेही निघाले.

अशांची लबाडी उघडी पाडायची सोय अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात आहे. कोडी गावच्या शस्त्र संग्रहालयात विंचेस्टरच्या कारखान्यातल्या जुन्या हस्तलिखित वह्या जपल्या आहेत. क्रमांक कळवून शुल्क भरलं की नोंद शोधून पत्र पाठवतात. नळी गोल की अष्टकोनी, चाप कसला, माल कारखान्यातून कधी निघाला. कोरीव अक्षरं कितीही सुबक असोत, वहीत खास रायफल म्हणून नोंद नसून नुसतं 'साधा चाप' लिहिलं असेल तर ती रायफल छेडछाड झालेली म्हणूनच विकली जाते. मूळच्या साध्या रायफलीपेक्षाही कमी भावाने.

विकायला काढण्यापूर्वी पुष्कळ लोक प्रेमाने रायफल घासतात, पॉलिश करतात, नवी निळी झिलई चढवतात. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, पण यात ठसाच झिजतो. कारखान्यात धातूवर ठोकलेल्या अक्षरांच्या कडा टोकदार असतात. पॉलिशखाली त्या गोलावतात, आतली खोली पुसट होते, आणि मग तो जुना ठसा की नव्याने मारलेला, हे सांगणं कठीण जातं.

(पडद्यावर: पुन्हा ती पहिली नळी. एक अंगठा लंबगोलावरून हळू फिरतो.)

म्हणून हा घेणारा काही न बोलता आधी अक्षरांवरून अंगठा फिरवतो. कडा बोटाला लागतात. मग तो विचारतो, "केवढ्याला द्याल?"