पाच वाजताची भूक आणि महिन्याचा बाजार

मंडळी, घरात वाढत्या वयाची मुलं असली की किराण्याचं बिल का फुगतं, यावर आज बोलू. सुरुवात दोन आकड्यांनी करते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 साली कुणाला किती अन्न लागतं याचे तक्ते दिले. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला 1660 किलोकॅलरी लागतात, आणि 16 ते 18 वर्षांच्या मुलाला 3320. बरोब्बर दुप्पट. बैठं काम करणाऱ्या वडिलांना 2110, म्हणजे मुलाचं ताट बापापेक्षा मोठं असणं हेच बरोबर आहे. हाच मुलगा आठ वर्षांचा होता तेव्हा त्याला 1700 लागत होत्या. पोरगं जेवायला बसलं असताना “किती खातोस रे” हे वाक्य कृपा करून घरातून काढून टाका. मुलीला तर ते कधीच ऐकवू नका.

आता हे किराण्यात बसवू. घरात आई, वडील, 17 वर्षांचा मुलगा आणि 14 वर्षांची मुलगी. चौघांचे मिळून 9490. नऊ वर्षांपूर्वी, मुलं आठ आणि पाच वर्षांची असताना, हेच 6830 होते. निम्मी भूक भाकरी-चपाती-भातावर भागते असं धरलं आणि 100 ग्रॅम धान्याला 340 किलोकॅलरी धरल्या, तर तेव्हा महिन्याला 30 किलो धान्य पुरत होतं, आता 42 लागतं. वरचं 12 किलो, 45 रुपयांनी धरलं तर 540 रुपये. डाळ, तेल, दूध त्याच हिशेबात वाढेल. म्हणजे आजच्याच दरानं मोजलं तर बिल सव्वा ते दीडपटीच्या आत राहायला पाहिजे. ते दुप्पट झालं असेल, तर वरचा पैसा भाकरीत गेलेला नाही. तो बिस्किटं, फरसाण, दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया, थंड पेयं आणि कोपऱ्यावरच्या वडापावात गेलाय.

खात्री करायची तर पंधरा दिवस एक काम करा. कुठलंही पाकीट उघडलं की त्यावरच पेनानं तारीख घाला, संपलं की दुसरी तारीख घाला आणि रिकामं पाकीट एका पिशवीत टाकत जा. पंधराव्या दिवशी पिशवी ओतून बघा. अर्धा किलोचा चिवडा तीन दिवसांत गेला आणि किलोचाही तीनच दिवसांत गेला, हे त्या तारखांवरून दिसतं. स्वस्त पडतं म्हणून आणलेलं मोठं पाकीट घरात वाढत्या वयाची मुलं असली की महाग पडतं. म्हणून शिजवावं लागतं ते घाऊक घ्यायचं आणि हाताला येतं ते किरकोळ. ज्वारी, गहू, डाळ, कडधान्य आपल्या सांगलीच्या गणपती पेठेतून एकदम भरा. खाऊ मात्र आठवड्यापुरताच आणा, रविवारी सात छोट्या डब्यांत वाटून ठेवा आणि बुधवारी संपला तर रविवारपर्यंत नवीन आणू नका. कुलूप लावू नका. लपवलेला डबा एका बैठकीत संपतो, कारण उद्या मिळेल याची खात्री नसते.

पण नुसतं बंद करून भागत नाही. क्लासवरून पाच वाजता पोरगं घरात शिरतं आणि पहिल्या दहा मिनिटांत समोर दिसेल ते खातं. त्या वेळी ओट्यावर काय आहे, यावर महिन्याचं बिल ठरतं. सकाळी दोन भाकरी जास्तीच्या थापा. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही. किंवा उकडलेले हरभरे: 250 ग्रॅम रात्री भिजत घाला, सकाळी कुकरला लावा, वर कांदा, मीठ, लिंबू, चौघांची सोय झाली. न भिजवता लावले तर शिट्ट्या दुप्पट होतात, गॅस जातो आणि दाणा तरी आतून कचवटच राहतो.

भडंग तर आपलंच. अर्धा किलो चुरमुरे, पाव किलो शेंगदाणे. बाजारच्या भडंगात दाणे मोजून घ्यावे लागतात. घरच्या भडंगाचा सगळा फायदा दाण्यांत आहे, तिथं हात आखडू नका. चुरमुरे कडक उन्हात तासभर ठेवा, पावसाळ्यात मंद आचेवर कोरडेच परता. बोटांत दाबल्यावर चुरा झाला पाहिजे, नुसता चेपला तर अजून ओल आहे. 100 मिली तेलात दाणे मंद आचेवर तळून काढा. त्याच तेलात सालासकट ठेचलेल्या पंधरा लसूण पाकळ्या लालसर आणि पूर्ण कोरड्या होईपर्यंत परता, मग कढीपत्ता. गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मगच हळद, लाल तिखटाची चटणी, मीठ आणि थोडी पिठीसाखर. गरम तेलात चटणी टाकली की ती जळते आणि अख्खा डबा कडवट होतो. सादळतं ते बहुतेक लसणामुळं. त्यात ओल राहिली की दोन दिवसांत चुरमुरे मऊ पडतात. एवढ्या मालात साधारण 60 ग्रॅमचे चौदा वाटे होतात, म्हणजे दोन मुलांचा आठवडा. एका वाट्यात साधारण एका अंड्याइतकी प्रथिनं मिळतात.

प्रथिनांवर थोडं थांबते, कारण पोट भरलंय की नुसतं फुगलंय ते इथं ठरतं. 10 ग्रॅम प्रथिनं मिळायला सोयाबीन वडी 20 ग्रॅम लागते, शेंगदाणे 40, हरभरे 50, दूध सुमारे 300 मिली, अंडी दीडपेक्षा किंचित जास्त. पुढं तुमच्या दुकानाचा दर घाला. वडी 120 रुपये किलो असेल तर 2 रुपये 40 पैसे, हरभरे 90 नं साडेचार रुपये, दाणे 140 नं 5 रुपये 60 पैसे, दूध 60 नं 18 रुपये. दूध कॅल्शियमसाठी हवंच, पण नुसत्या प्रथिनांसाठी दुधावर दूध ओतणं परवडत नाही. दुधात घालायच्या पावडरीच्या डब्यामागची साखरेची ओळ एकदा वाचा. दाणे घेताना सुरकुतलेले, काळपट, कडू लागणारे सरळ फेका. ते बुरशीचे असतात, भाजून त्यातलं विष जात नाही.

मटकी, मूग मोडवले की एका वाटीच्या अडीच-तीन वाट्या होतात. आठ-दहा तास भिजवा, पाणी पूर्ण निथळून फडक्यात बांधा. थंडीत मोडाला दिवस लागतो. पाणी राहिलं तर चिकट होऊन वास येतो.

मुलींबद्दल एक गोष्ट मला तळमळीनं सांगायची आहे. 13 ते 15 वयाच्या मुलाला दिवसाला 22 मिलिग्रॅम लोह लागतं, मुलीला 30. भाकरी तिला एक कमी लागेल, पण लोह जास्त लागतं. आणि हात आखडायची वेळ आली की पहिलं तिचं अंडं, तिचा लाडू कमी होतो. तसं करू नका. बाजरी, हरभरा, अळिवाचा लाडू तिच्या ताटात येऊ द्या, वर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका. चहानं लोह अंगी कमी लागतं.

बेगमीचं बोलू. जत, आटपाडीकडची शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. घेताना दाणा दाताखाली धरा, कट्ट वाजला पाहिजे. मऊ तुटला तर ओल आहे, पावसाळ्यात टोके, म्हणजे किडे, पडणारच. दोन-तीन उन्हं द्या, रात्रभर निवू द्या आणि मग कोठीत भरा. गरम धान्य झाकलं की आत घाम धरतं. पोतं फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. सांगलीच्या गावभागात किंवा नदीकाठी राहणाऱ्यांनी वर्षाचं धान्य खालच्या मजल्यावर ठेवू नये. 2019 चा पूर सगळ्यांना आठवतोय. त्यांनी गणपतीपर्यंतचं आधी भरावं आणि उरलेलं त्यानंतर. तूरडाळीला किलोला अर्धा चमचा एरंडेल चोळलं की कीड लागत नाही. ज्वारी मात्र एका वेळी दहा-पंधरा दिवसांचीच दळून आणा. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरीला चिरा पडतात, आणि फाटलेली भाकरी मुलं बाजूला सारून बिस्किटाकडं वळतात. बाजरीचं पीठ आठवड्यातच कडू होतं.

तेलाच्या पिशवीवर नुसती किंमत बघू नका. लिटरभर तेल सुमारे 910 ग्रॅम भरतं, आणि शेजारीच तशीच दिसणारी पिशवी 850 किंवा 800 ग्रॅमची असते. हा हिशेब मुलांवरच सोपवा. मोबाईल हातात असतोच, किमतीला ग्रॅमनं भागायला सांगा.

शेवटी एक प्रश्न, मुलांचे मित्र घरी येतात तेव्हा काय करायचं. पोहे. या वयाच्या मुलाला कोरडे 100 ग्रॅम धरा. पाच जणांना अर्धा किलो जाड पोहे, चार मोठे कांदे, शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणे. पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवा, पाण्यात बुडवून ठेवले तर गोळा होतो. दाणे आधी तळून बाजूला काढा आणि वाढताना वरून घाला, म्हणजे शेवटच्या ताटातही येतात.